विनूभाऊंच्या पत्रकातला कर्ता

आनंदराव मास्तरांना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण त्यांचं लाल पेन काही निवृत्त झालं नव्हतं. घरी लग्नाची पत्रिका आली की मास्तर आधी ऱ्हस्व-दीर्घ बघायचे, मग मुलगी कोणाची ते बघायचे. कोपऱ्यावरच्या डेअरीवाल्याने पाटीवर ‘दुध’ लिहिलं होतं म्हणून त्यांनी दोन महिने त्याच्याकडचं दूध बंद ठेवलं होतं. शेवटी त्याने पाटी बदलली. दूध मात्र पातळच राहिलं, पण त्याबद्दल मास्तरांची तक्रार नव्हती.

अशा माणसाला पौष महिन्यातल्या एका सकाळी विनूभाऊंच्या लकडगंजच्या कार्यालयातून बोलावणं आलं. विनूभाऊ म्हणजे माजी नगरसेवक आणि शहरातल्या एका सांस्कृतिक महोत्सवाचे तहहयात अध्यक्ष. त्यांच्या वॉर्डात बाकड्यावर, बसथांब्यावर, बोअरिंगवर, इतकंच काय मुतारीवरही ‘मा. विनूभाऊंच्या अथक प्रयत्नांतून’ असं रंगवलेलं असे. केलेल्या कामाचं श्रेय दुसऱ्याला जाऊ देणं त्यांच्या रक्तात नव्हतं, न केलेल्याचं तर मुळीच नाही.

बोलावणं आलं आणि मास्तरांच्या पत्नी जयाबाईंना वाटलं, पुरस्काराचंच काही असेल. कारण येत्या रविवारी त्याच महोत्सवात मास्तरांना ‘मराठी भाषा भूषण’ पुरस्कार मिळायचा होता. जयाबाईंनी मोरपंखी साडी काढून ठेवली होती आणि नागपूरजवळच्या कुहीहून नातेवाईकांची एक आख्खी गाडी भरून यायची होती. पस्तीस वर्षं कुहीकडच्या शाळेत मराठी शिकवलं, आजवर साधी शाल कोणी अंगावर घातली नव्हती. मास्तर वरवर म्हणायचे, की शालीचं काय एवढं. पण त्यांनी आरशासमोर दोनदा खांद्यावर टॉवेल टाकून पाहिलेलं जयाबाईंनी बघितलं होतं.

कार्यालयात मात्र पुरस्काराचं वातावरण नव्हतं. कालपासून आख्ख्या नागपुरात एकच विषय होता. महोत्सवाची निवेदिका सोनिका हिने फेसबुकवर सगळं लिहून टाकलं होतं: अध्यक्ष तीन महिने नको ते मेसेज पाठवत होते, ‘स्क्रिप्ट वाचायला’ म्हणून गेस्टहाउसवर बोलावून त्यांनी हात धरला, तिने हात सोडवून घेतला, आणि दुसऱ्या दिवसापासून तिचं काम गेलं. सोबत मेसेजचे फोटो होते. ‘आज तुमी एकदम रसगुल्ला दिसून राहिल्या’ हा त्यातला सभ्य म्हणावा असा होता.

ही सोनिका कुहीची. मास्तरांची विद्यार्थिनी. वक्तृत्व स्पर्धेसाठी शनिवारी मास्तरांच्या घरी यायची, भाषण पाठ करायची आणि जयाबाईंच्या हातच्या भाकरी खायची. तिचं नाव दिसल्यावर मास्तरांनी ती पोस्ट दोनदा वाचली होती. पण रविवार जवळ आला होता, म्हणून त्यांनी फोन उलटा ठेवून दिला होता.

कार्यालयात विनूभाऊंचा खासगी सहायक जितेंद्र तीन फोनवर एकदम बोलत होता. बचावाची सगळी आयुधं बाहेर निघाली होती.

“पयले आपण म्हटलं, फोन हॅक झाला,” जितेंद्रने मास्तरांना समजावलं. “पण भाऊंनी कालच त्याच फोनवरून लाइव्ह केलं, की माहा फोन कोनाच्या बापाले हॅक होत नाही. मंग म्हटलं, छातीत दुखून राहिलं असं करू. फोटो पण काढला सलाइनचा. पण भाऊंनी हात उजवीकडं ठेवला ना सर!”

“मले त्या बाजूनंच दुखते,” आतून विनूभाऊ म्हणाले. “दिल कुठंबी असू शकते.”

मग निघाली राखीची युक्ती. अकरा महिलांकडून राखी बांधून घ्यायची, फोटो सोडायचा, की भाऊ सगळ्या जगाचे भाऊ. पण पौषात राख्या कुठून आणायच्या? एका होलसेलवाल्याने गोदामातून गेल्या श्रावणातला उरलेला माल काढून दिला. तो सगळा लहान मुलांचा होता, आतल्या बटणावर लाल-निळे दिवे लुकलुकणारा. विनूभाऊंचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत लुकलुकत होता आणि बटणं कुठं आहेत हे बांधणाऱ्या अकरांपैकी एकीलाही ठाऊक नव्हतं.

“सर, या,” विनूभाऊ उठून उभे राहिले. वाकून नमस्कारही केला, म्हणजे गरज मोठी होती. “चार वाजता धरमपेठेत पत्रकार परिषद हाय. तुमी फक्त माह्या बाजूले बसा. तिचे गुरुजीच माह्या संग हाय म्हटल्यावर लोक काय समजायचं ते समजतीन. आन एवढं पत्रक शुद्ध करून द्या. मांगच्या खेपेले माही लय बेइज्जती झाली.”

मागच्या खेपेची गोष्ट नागपुरात पोराटोरांना ठाऊक होती. महिला दिनाला ‘विनूभाऊंचे स्त्रीशक्तीला वंदन’ असा फलक लावायचा होता. छापणाऱ्याने ‘वंदन’चं ‘बंधन’ केलं आणि आठ दिवस तो चौकात झळकत होता. तेव्हापासून भाऊंनी शुद्धलेखनाचा धसका घेतला होता. तरी कागद आधी वाचून पाहायची सवय त्यांना लागली नव्हती ती नव्हतीच. हातात येईल ते थेट माइकवर वाचायचं. एका प्रजासत्ताक दिनाला ‘येथे टाळ्यांसाठी थांबावे’ ही कंसातली सूचनाही त्यांनी खणखणीत आवाजात वाचली होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यामुळे काही चुकलं असं त्यांना आजतागायत वाटलेलं नाही.

जितेंद्रने पत्रक दिलं आणि सोबत पुरस्काराचं सन्मानचिन्हही दाखवलं. मास्तरांना खूश करायचा हेतू होता. काचेवर सोनेरी अक्षरांत कोरलं होतं: ‘मराठी भाषा भूषण श्री. आंनदराव’. अनुस्वार ‘न’वरून उडी मारून ‘आ’वर जाऊन बसला होता. मास्तरांनी डोळे मिटले, उघडले. अनुस्वार तिथंच होता.

“छान आहे,” ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी शुद्धलेखनाची चूक गिळली.

मग त्यांनी पत्रक वाचायला घेतलं.

‘काही संदेश पाठवले गेले असल्याचे बोलले जात आहे. हात धरला गेल्याचेही समजते. संबंधितांना कामावरून कमी करण्यात आले. झाल्या प्रकारातून कोणाच्या भावना दुखावल्या गेल्या असल्यास दिलगिरी व्यक्त करण्यात येत आहे. माझ्या साखर कारखान्याच्या सभासदांनी अफवांवर विश्वास ठेवू नये.’

“आपला साखर कारखाना कुठं हाय गा?” विनूभाऊंनी विचारलं.

“नाही भाऊ, ते तिकडच्या एका साहेबांचं पत्रक हाय,” जितेंद्र म्हणाला. “त्याईच्यावर बी असंच आलं होतं. कॉपी-पेस्टमधी कारखाना राहून गेला.”

मास्तरांनी कारखान्यावर लाल रेघ मारली. तेवढं सोपं होतं. पण बाकीच्या वाक्यांवर त्यांचं पेन अडून बसलं. पस्तीस वर्षांची खोड ती, अशी कशी जाणार?

“यात कर्ता नाही,” ते म्हणाले.

“कोण करता?” विनूभाऊ.

“कर्ता. क्रिया करणारा. मराठीत काही वाक्यं बिनकर्त्याची असतात. ‘उजाडलं’, ‘सांजावलं’, ‘मळमळतं’. तिथं करणारा कोणी नसतो, ते आपोआप होतं. अकर्तृक भावे प्रयोग म्हणतात त्याला. पण मेसेज काही उजाडत नाहीत, भाऊ. ‘संदेश पाठवले गेले.’ कोणी पाठवले?”

“कोनी म्हणजे? मीच पाठवले ना गा. फोन माहा, बोट माहं. पण मजाकमधी.”

“‘हात धरला गेला.’ कोणी धरला?”

“आता मी असतांनी दुसरा कोन धरन तिचा हात?” विनूभाऊंना रागच आला. “भविष्य पाहत होतो मी.”

“‘कामावरून कमी करण्यात आले.’”

“मी अध्यक्ष हाय का कोन हाय? मी नाही काढन तर काय चपराशी काढन? आयकत नव्हती, म्हणून काढलं.”

जितेंद्र खोकला, पुन्हा खोकला. पण त्याच्या कानाशी फोन होता आणि विनूभाऊंना कोणी श्रेय विचारत असलं की खोकल्याने थांबवता येत नसे.

“मग कर्ता घालावा लागेल,” मास्तर हळूच म्हणाले.

“घाला ना गा सर, जे घालायचं ते घाला!” विनूभाऊंनी लुकलुकता हात हवेत उडवला. “फक्त शुद्ध पायजे. एक बी गलती नको.”

मास्तर घरी आले तेव्हा जयाबाई साडीच्या फॉलवर शेवटचे टाके घालत होत्या. मास्तरांनी जेवण बाजूला सारलं आणि पत्रकाची स्वच्छ प्रत लिहायला बसले. एक ओळ लिहावी, कागद फाडावा, असं चार वेळा झालं. स्वल्पविराम नीट करून ते बिनकर्त्याचं पत्रक तसंच परत देता आलं असतं. कोणी काही म्हटलं नसतं. रविवारी शाल मिळाली असती, कुहीची गाडी येऊन गेली असती, आणि सोनिका? सोनिका पोरसवदा आहे, विसरेल, असं मनात आलं आणि मास्तरांना स्वतःचीच किळस आली.

“काय करून राहिले?” जयाबाईंनी विचारलं.

“व्याकरण पाहून राहिलो.”

“कोनाचं?”

मास्तरांनी सांगितलं. सगळं, अनुस्वारासकट. जयाबाईंनी सुई थांबवली.

“तुमाले आठवते, सोनिका नववीत होती तवा रडत आली होती आपल्या घरी? तो एक मास्तर वही तपासायच्या निमित्तानं पोरींच्या लय जवळ बसते म्हणून सांगत होती. तुमी सुपरवायझर होते. तुमी मले म्हटलं, मी रजिस्टरमधी लिवलं.”

“लिहिलं होतं. ‘संबंधितांना समज देण्यात आली.’”

“हाव. मी किती निश्चिंत झाली होती बाप्पा!” जयाबाई म्हणाल्या. “मंग कोनं देली समज? तुमी देली?”

“नाही. मला वाटलं, हेडमास्तर देतील.”

“त्याईनं देली?”

“त्यांना वाटलं, मी दिली.”

“मंग ते समज का हवेतून गेली?”

जयाबाईंनी हे टोचून विचारलं नव्हतं. त्यांना खरंच कळत नव्हतं, आणि म्हणून ते जास्त लागलं. बारा वर्षं मास्तरांनी ते वाक्य स्वच्छ मनाने बाळगलं होतं. शुद्ध वाक्य. एकही चूक नाही. फक्त त्यात माणूस नव्हता, आणि तो मास्तर पुढची चार वर्षं तशाच वह्या तपासत राहिला.

मास्तरांनी पाचवा कागद घेतला आणि एका दमात लिहून काढलं. पाच वाक्यं. शेवटी पूर्णविराम जरा जोरात दिला, तो पाठीमागे उमटला.

“रविवारचं काय मंग?” जयाबाईंनी कागद वाचून विचारलं.

“रविवार नाही होणार.”

जयाबाईंनी साडीचा फॉल पुन्हा एकदा हाताने सपाट केला. वाईट वाटलं त्यांना, का वाटू नये? मग त्यांनी दाताने दोरा तोडला. “गाडीवाल्याले मी फोन करतो,” त्या म्हणाल्या. “नाव तरी कुठं तुमचं होतं त्या काचेवर.”

चार वाजता धरमपेठेतलं सभागृह गच्च भरलं होतं. अर्धे पत्रकार, अर्धे भाऊंचे कार्यकर्ते. कार्यकर्त्यांना जितेंद्रने एकच शिकवलं होतं: भाऊ थांबले की टाळ्या. मास्तर भाऊंच्या उजव्या हाताला बसले, म्हणजे लुकलुकणाऱ्या बाजूला. जितेंद्रने कागद मागितला तेव्हा मास्तर सरळ म्हणाले, “कर्ता घातला आहे, पाहून घे.” तेवढ्यात दारात कोणीतरी कॅमेऱ्याची वायर उपटली, जितेंद्र तिकडे धावला आणि कागद तसाच भाऊंच्या हातात गेला.

भाऊंनी माइकवर दोनदा टकटक केलं, छाती फुगवली आणि प्रजासत्ताक दिनाच्या आवाजात सुरुवात केली.

“मी सोनिकाताईंना नको ते संदेश पाठवले.”

भाऊ थांबले. कडाडून टाळ्या पडल्या.

“मी त्यांचा हात धरला!”

पुन्हा टाळ्या. मागून कोणीतरी ‘भाऊ, आगे बढो’ अशी आरोळी दिली.

“त्या माझे ऐकत नव्हत्या, म्हणून मी त्यांना कामावरून काढले! यात त्यांची काहीही चूक नाही! मी त्यांची माफी मागतो!”

टाळ्या यावेळी अर्ध्यावर विरल्या. एकेक कार्यकर्ता शेजाऱ्याकडे बघत हात खाली घेऊ लागला. सभागृहात फक्त भाऊंचा हात लुकलुकत राहिला, लाल, निळा, लाल, निळा. भाऊ मात्र खुशीत होते. वाचताना कुठंही अडखळलो नाही, याचा आनंद त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होता.

पहिल्या रांगेतली नूपुर नावाची पत्रकार उठली. “भाऊ, म्हणजे तुम्ही सगळं मान्य करता?”

“काय मान्य करतो?” भाऊंनी कागद पुन्हा पाहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी काहीतरी मनात वाचलं. ओठ हलत गेले तसा चेहऱ्याचा रंगही हलत गेला, आणि शेवटी तो राखीच्या निळ्यावर येऊन थांबला. “हे… हे कोनं लिवलं?”

जितेंद्र व्यासपीठावर उडी मारूनच आला. “लिहिण्यात चूक झाली!” तो माइकमध्ये ओरडला. “टायपिंगमध्ये गफलत झालेली आहे. खुलासा करण्यात येईल. चौकशी करण्यात येईल. दोषींवर कारवाई करण्यात येईल!”

मास्तरांनी ते ऐकलं. ‘झाली’, ‘झालेली आहे’, ‘येईल’, ‘येईल’, ‘येईल’. पाच वाक्यं आणि पाचही वाक्यांत चिटपाखरू नाही. भीती वाटत होती त्यांना. आयुष्यात त्यांनी खडूखेरीज कशाशी झुंज घेतली नव्हती. पण ते उभे राहिले.

“चूक झाली नाही,” ते म्हणाले. “ते पत्रक मी लिहिलं. त्यातलं प्रत्येक वाक्य भाऊंनी आज सकाळी मला सांगितलं. मी फक्त कर्ता घातला.”

“सांगतलं होतं, पण असं थोडी सांगतलं होतं!” विनूभाऊ कळवळून ओरडले. माइक चालूच होता.

नूपुरने तेवढं वाक्य लिहून घेतलं. तिचं काम झालं होतं.

पुढे व्हायचं ते झालं, म्हणजे माणसांनी ते केलं. भाऊंनी उजवी छाती धरली. जितेंद्रने पत्रकारांना दाखवायला आणलेलं सन्मानचिन्ह गाडीत टाकून परत नेलं. दोन कार्यकर्ते मास्तरांच्या अंगावर धावून आले, पण त्यातला एक त्यांचा माजी विद्यार्थी निघाला, त्याने ‘सर, तुमी हिकडून निघा’ म्हणत त्यांना मागच्या दाराने रस्त्यावर आणून सोडलं आणि जाता जाता पायाही पडला.

रस्त्यावर ऊन कलत होतं. मास्तरांनी फोन काढला. सोनिकाचा नंबर जयाबाईंनी दुपारीच कागदावर लिहून खिशात ठेवला होता.

“सर?” तिकडून आवाज आला. “मी पाहिलं लाइव्ह. सर, तुमी काहून असं…”

“ते जाऊ दे,” मास्तर म्हणाले. वर्गात प्रमाण मराठी आणि घरी नागपुरी असा त्यांचा पस्तीस वर्षांचा नियम होता. रस्ता यातल्या कशात बसतो ते त्यांना ठरवता येईना. “मले एक सांगायचं हाय तुले. तू नववीत असताना तक्रार घेऊन आली होती. मी रजिस्टरमध्ये लिहिलं, समज देण्यात आली.”

“तो वह्या तपासणारा मास्तर,” ती लगेच म्हणाली. ती विसरली नव्हती.

“ते खोटं होतं, पोरी. मी समज दिली नाही. मी कोणाले काहीच बोललो नाही. मी भ्यालो होतो.”

तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला, आणि मग थेट वर्गातला, वक्तृत्व स्पर्धेतला, तो जुना आवाज.

“सर, ‘मी समज दिली नाही’. प्रयोग कोणता?”

“कर्मणी,” मास्तरांच्या तोंडून सवयीने निघून गेलं. “क्रियापद ‘समज’प्रमाणे चालते.”

“आन कर्ता?”

मास्तरांनी फोन कानाशी घट्ट धरला. शेजारून एक ऑटो भोंगा वाजवत गेला, तो जाईपर्यंत ते थांबले, कारण हे उत्तर तिला नीट ऐकू जायला हवं होतं.

“मी,” ते म्हणाले.